बाराची घंटा आणि झेन्झीचं भांडं

आमच्या म्युनिकच्या गीझिंगमध्ये कोणाच्याही फुटबॉलच्या टीमला नावं ठेवा, फार तर तो ग्लास आपटेल. पण रविवारी बारानंतर ‘सोनेरी मुळा’ खानावळीत येऊन पांढरे सॉसेज मागू नका. झेन्झी तुम्हाला मारणार नाही. नुसती बघेल. तिचं ते बघणं मी बावीस वर्षं जवळून पाहते आहे, आणि सांगते, त्यापेक्षा मार परवडला.

मी बुर्गी, तिच्या खानावळीत जेवण वाढते. माझी जीभ जरा धारदार आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. म्युनिकमध्ये गोड बोलणाऱ्या वाढपिणीला कोणी दुसऱ्यांदा हाक मारत नाही, तिला आजारी समजतात.

तर झेन्झी. पूर्ण नाव क्रेसेन्झ, पण त्या नावानं तिला फक्त नगरपालिका हाक मारते. बांधा पिंपासारखा, गुडघे कामातून गेलेले, आवाज असा की स्वयंपाकघरातून बोलली तरी ट्रामवाला ब्रेक दाबतो. नवरा ग्योर्गल खाटीक होता. रविवारी पहाटे उठून तो पांढरे सॉसेज करायचा. तो गेला, तेव्हापासून ती करते. बाकी सहा दिवस मुळ्यात काय वाटेल ते मिळतं, पांढरे सॉसेज फक्त रविवारी. पहाटे करायचे, गरम पाण्यात नुसते बसवायचे, उकळायचे नाहीत, आणि बाराची घंटा त्यांच्या कानावर पडायच्या आत ते पोटात गेले पाहिजेत. हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पूर्वी फ्रीज नव्हते, दुपारपर्यंत मांस नासायचं, म्हणून नियम झाला. आता झेन्झीकडे दोन फ्रीज आहेत. मी एकदा तिला तसं म्हणून बघितलं होतं.

“मग जा, फ्रीजलाच विचार,” म्हणाली.

इतर खानावळींत आता दुपारी दोनलासुद्धा वाढतात, पाहुण्यांना काय कळतंय. झेन्झीकडे ते नाही. ग्योर्गलच्या दफनाच्या दिवशी तिनं त्याची आवड म्हणून खास सॉसेज केले होते. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं, मंडळी दफनभूमीतून परत येईतो घंटा झाली. बाई रडत होती, नाक पुसत होती, आणि तशीच रडत रडत तिनं भांडं टेबलावरून उचललं आणि सगळ्यांना लिव्हरच्या गोळ्यांचं सूप वाढलं. सॉसेज गेले पांक्राझच्या कुत्र्याला.

आता हा पांक्राझ कोण? समोरचं चर्च सांभाळणारा. मेणबत्त्या तोच लावतो, तोच विझवतो, आणि बाराची घंटाही तोच वाजवतो. बाकी शहरात घंटा बटणावर वाजतात. आमच्याकडेही बटण बसवलं होतं. पांक्राझनं ते कसं कोण जाणे बिघडवलं आणि दोर पुन्हा हातात घेतला. रविवारी सकाळपासून हा बाबा प्रार्थनेच्या गडबडीत अडकलेला, बाराला घंटा वाजवणार, आणि मग मोकळा होणार. म्हणजे कपाळ बघा, सगळ्या गीझिंगला बारा वाजल्याचं सांगणारा हा एकटाच माणूस असा, की ज्याला पांढरा सॉसेज कधीच मिळायचा नाही. तीस वर्षं झाली.

दर रविवारी हेच. तो दारातून आत येणार, टोपी खुंटीला अडकवणार.

“झेन्झी, एक जोडी.”

“घंटा कोणी वाजवली?”

“मी.”

“मग?”

“मग काय मीच उपाशी मरू? उरलेत की तुझ्या भांड्यात! मला दिसतायत!”

“ते तुझ्या कुत्र्याचे.”

“माझ्या कुत्र्याला चालतात आणि मला नाही?”

“कुत्रा कॅथलिक नाही. तुला सूप.”

मग पांक्राझ सूप प्यायचा, चमचा ताटलीवर आपटत आपटत, आणि टेबलाखाली त्याचा झेप्पी जिभल्या चाटायचा. त्या कुत्र्याइतका सुखी प्राणी मी अख्ख्या बव्हेरियात पाहिला नाही.

हे असंच चाललं असतं. पण झेन्झीच्या मुलानं, व्हीटसनं, हॅम्बुर्गची मुलगी पसंत केली.

मुलगी गुणाची. व्हीब्के नाव. पावाच्या भट्टीत काम करायला इकडे आली आणि इथल्यांच्या तोंडात मारील अशी ब्रेत्सल वळायला लागली, वरून खड्याचं मीठ, पोटाशी मऊ, टोकाला कुरकुरीत. झेन्झीनं पहिली ब्रेत्सल खाऊन काही म्हटलं नाही. दुसरी घेतली. तेव्हाच मी ओळखलं की सून पास झाली. दोघांनी मिळून मुळा चालवायचा असा त्यांचा बेत होता. पण व्हीब्केला आई नाही, वडिलांवर जीव, आणि वडिलांचं म्हणणं, पोरीनं त्या सॉसेज शिजवणाऱ्यांत कशाला राहायचं? त्यांचं हॅम्बुर्गला होड्यांच्या दोरांचं आणि कंदिलांचं दुकान. जावयासकट परत ये म्हणाले.

शेवटी व्हीब्के म्हणाली, “बाबांनी एकदा इथं येऊन जेवावं. व्हीटसच्या आईच्या हातचे पांढरे सॉसेज खावेत. तरीही त्यांना पटलं नाही तर आम्ही जाऊ.”

रविवार ठरला. सकाळच्या गाडीनं यायचं, जेवायचं, दुपारच्या गाडीनं परत.

आदल्या दिवशी झेन्झी अजमोदा चिरत होती आणि सुरी मध्येच थांबली. “बुर्गी,” ती म्हणाली, “पोरगं गेलं तर मी मुळ्याला कुलूप लावीन. हे गुडघे घेऊन मी एकटी किती दिवस उभी राहू? आणि उभी राहून करू काय?” मी तिला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, अजमोदा जाड चिरते आहेस. तिनं मला शिवी दिली, तेव्हा दोघींना बरं वाटलं.

रविवारी सगळं झकपक. खिडकीतल्या कुंड्या पुसल्या. नेहमीच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांना झेन्झीनं आधीच दम भरला. त्यांचा म्होरक्या लोइझल, जन्मभर ट्राम चालवली, आता जन्मभराची बिअर पितो.

“लोइझल, त्या माणसाला प्रशियन म्हणायचं नाही.”

“अगं, पण तो आहेच ना?”

“असला तरी. कळलं?”

आमच्याकडे म्युनिकच्या उत्तरेला राहणारा प्रत्येक माणूस प्रशियन, त्याला कोण काय करणार? लोइझलनं मान डोलावली, पण चेहरा असा की जणू कोणी त्याची बिअर काढून घेतली.

साडेअकरा झाले. कोणी आलं नाही. झेन्झी दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली. चिनी मातीचं झाकणाचं भांडं गरम पाण्यानं भरून तयार, आत सहा सॉसेज. पावणेबारा झाले. मी सहज खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि काय सांगू, पाहुणे रस्त्यापलीकडे उभे!

आमच्या दारासमोरच रस्ता ओलांडायचा सिग्नल आहे. तिथं व्हीटस, व्हीब्के आणि एक उंच, काठीसारखा सरळ माणूस, निळा कोट, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. दिवा लाल. रस्ता रिकामा. गाडी नाही, सायकल नाही, कबुतरंसुद्धा मधोमध आरामात फिरत होती. आणि हे तिघं खांबासारखे उभे. आमचा व्हीटस रांगायला लागला तेव्हापासून तो रस्ता लाल दिव्यात ओलांडत आला आहे. आज तोसुद्धा पाय जोडून उभा.

झेन्झीनं दार उघडलं. “व्हीटस! काय करतोस तिथं?”

“आई, दिवा लाल आहे!”

“ते मलाही दिसतंय! कधीपासून उभे आहात?”

“बराच वेळ झाला!”

निळ्या कोटवाल्यानं गुच्छ उंचावला आणि हॅम्बुर्गी नमस्कार घातला. “मोइन, बाई! मी ब्रोकमोलर. आम्ही अगदी वेळेवर आलो आहोत. उशीर हा दिवा करतोय!”

लोइझल माझ्या खांद्यावरून ओरडला, “अहो, तो शुक्रवारपासून लाल आहे! बिघडलाय!”

ब्रोकमोलरनं यावर विचार केला. “शुक्रवारपासून?” म्हणाला. “मग आता हिरवा व्हायची वेळ जवळ आली असेल.”

असल्या माणसापुढे काय बोलणार? बरं, नुसता हट्टी असता तरी पोरीनं ओढून आणला असता. पण त्याच्या शेजारी पाचेक वर्षांची एक चिमुरडी उभी होती, एक पाय स्कूटरवर, आई फोनवर बोलण्यात गुंग. पोरीची नजर ब्रोकमोलरच्या बुटांवर. मुलं बघत असताना लाल दिव्यात पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडेही शिकवतात. आम्ही ते ऐकतो आणि विसरतो. हा माणूस विसरला नव्हता.

“रेल्वेच्या पुलावरून वळसा घालून या!” मी ओरडले.

“तेवढ्यात बारा वाजून जातील, बुर्गीमावशी!” व्हीब्केचा आवाज रडवेला झाला होता.

झेन्झीनं दार लावलं. सगळं टेबल तिच्याकडे बघायला लागलं. मी तिला बाजूला घेतलं. “हे बघ, आज एक दिवस बारानंतर वाढ. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आम्ही कोणी ब्र काढणार नाही.”

“ग्योर्गलला पुरलं त्या दिवशी मोडला नाही मी नियम. आज त्या बिघडलेल्या दिव्यासाठी मोडू? मग ग्योर्गलला काय तोंड दाखवू?”

“मग धावत जाते आणि पांक्राझला सांगते, घंटा जरा दमानं घे.”

“त्याला?” झेन्झी हसली, पण हसू काही खरं नव्हतं. “तीस वर्षं मी त्याला सूप पाजलं. तो माझ्यासाठी श्वासभरसुद्धा थांबायचा नाही. आणि का म्हणून थांबावं त्यानं?”

तिनं खुंटीवरची लोकरी शाल अंगावर घेतली, भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाली, “बुर्गी, ब्रेत्सल घे, मोहरी घे, ताटली घे, आणि तोंड बंद ठेव.”

आणि निघाली. लाल दिव्यात. दुखरे गुडघे, हातात वाफाळतं भांडं, एकेक पाऊल जपून टाकत. मी मागून टोपली घेऊन. अर्ध्या रस्त्यात त्या चिमुरडीचा आवाज आला, “आजीऽऽ, लाल आहे!”

“हो गं बाळा,” झेन्झी म्हणाली. “आजी चुकते आहे. तू असं करू नकोस हं.”

पलीकडे फुटपाथवर खडीची पेटी असते, हिवाळ्यात बर्फावर टाकायला. तिच्या झाकणावर झेन्झीनं रुमाल अंथरला, वर भांडं ठेवलं. ब्रोकमोलरचा चेहरा फुलांपेक्षा पांढरा झाला होता.

“तुम्ही लाल दिव्यात आलात.”

“आले.”

“लहान मुलीसमोर.”

“हो. दंड भरीन, पाद्रीबाबांकडे कबुलीही देईन. आधी जेवा.”

“पण एवढी घाई कशासाठी?”

“बाराची घंटा यांच्या कानावर पडता कामा नये.”

मला वाटलं हा आता हसणार, आणि संपलं सगळं. तो हसला नाही. भांड्याकडे बघून त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, “हे पाळलं जातं की नाही, कोण तपासतं?”

“मी तपासते.”

त्यानं मान हलवली. फुलं व्हीटसच्या हातात दिली, कोटाची बटणं सोडली आणि खिशातून चाकू काढला. मग त्यानं जे केलं ते सांगायचीही मला लाज वाटते. त्यानं तो सॉसेज काकडीसारखा कापला, कातड्यासकट! झेन्झीनं डोळे मिटले. तिनं याहून लहान गुन्ह्याला लोक हाकलले आहेत. व्याही, व्याही, असं ती मनात घोकत असणार. पण तो कातडं चावायला लागला, तेव्हा तिच्यानं राहवेना.

“अहो, ठेवा तो चाकू! टोक तोडायचं, तोंडाला लावायचं आणि आतलं चोखायचं. कातडं टाकायचं.”

“रस्त्यावर? चोखायचं?”

“घरात असतात तर घरात चोखलं असतं!”

त्यानं मोहरीत बुडवून चोखला. थबकला. “ही मोहरी गोड आहे.”

“असतेच.”

“आमच्याकडे झोंबणारी असते. डोळ्यात पाणी येतं.”

“आमच्याकडे जेवताना रडत नाहीत,” झेन्झी म्हणाली.

मग तो बोलला नाही. दुसरा घेतला. ब्रेत्सल मोडली, पोरीकडे एकदा बघितलं, पुन्हा खाली मान. मी वर चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही काटे एकमेकांवर आले. घंटा नाही. मोठा काटा पुढे सरकला. तरी घंटा नाही. रस्त्यावरचे लोक थांबून आपापली घड्याळं बघायला लागले. मुळ्याच्या दारातून लोइझल ओरडला, “पांक्राझ मेला की काय?”

झेन्झीनं वर बघितलंच नाही. ब्रोकमोलर चौथा सॉसेज चोखत होता. तिनं भांड्यावर झाकण ठेवलं, अंगावरची शाल काढली, भांड्याभोवती दोनदा गुंडाळली आणि ते पोटाशी घट्ट धरून उभी राहिली. मला वाटलं, थकली बिचारी, आधार शोधते आहे.

ब्रोकमोलरनं शेवटचं कातडं ताटलीत ठेवलं, तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी केली. आणि मग घंटा वाजली. वाजली म्हणजे काय, कबुतरं उडाली! इतक्या जोरानं पांक्राझनं दोर कधी ओढला नसेल. झेन्झी भांड्यावर ओणवी झाली, घंटा थांबेपर्यंत तशीच राहिली.

“व्हीब्के,” ब्रोकमोलर म्हणाला, “तुझ्या आईच्या हातचं खाऊन मी असाच गप्प व्हायचो.” त्यानं कोटाची बटणं पुन्हा लावली. “तू इथं राहा. ज्या घरात कोणी बघत नसताना नियम पाळतात, त्या घरी मुलगी द्यायला मला भीती नाही.” मग झेन्झीकडे वळला. “आणि तुम्ही त्या लाल दिव्याचं मात्र स्वतःहून पोलिसांना कळवा.”

“उद्या सकाळीच,” झेन्झी म्हणाली. आज कोणी तिला चंद्र आणायला सांगितलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

“आत येऊन बिअर घ्या ना, बाबा,” व्हीटसनं विचारलं.

ब्रोकमोलरनं दिव्याकडे पाहिलं. लाल. “पुढच्या वेळी,” म्हणाला, आणि त्याच फुटपाथवरून स्टेशनकडे गेला, दोघांना घेऊन. सोयरीक पक्की झाली, पण मुळ्याच्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नाही तो नाहीच.

आम्ही दोघी उरलो. मी टोपली उचलून रस्त्यात पाऊल टाकणार, तर झेन्झीनं माझी बाही धरली. चिमुरडी अजून तिथंच होती. आई अजून फोनवर. पोर आमच्याकडे बघत होती.

“पोरीसमोर दोनदा नाही,” झेन्झी म्हणाली.

रेल्वेच्या पुलावरून फिरून आलो हो आम्ही! ते गुडघे, ते भांडं. मला हात लावू देईना. मी सगळ्या वाटेनं त्या दिव्याला, त्या पोरीला आणि पोरीच्या आईच्या फोनला शिव्या दिल्या, आणि झेन्झी बावीस वर्षांत पहिल्यांदा गाणं गुणगुणत होती.

मुळ्यात आलो तर पांक्राझ त्याच्या कोपऱ्यात बसलेला, झेप्पी पायाशी. आम्हाला बघून त्यानं चमचा हातात घेतला. “आण तुझं सूप. आज उशीर केलास.”

झेन्झी त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. “घंटा का थांबवलीस?”

“दोर अडकला होता.”

“पांक्राझ.”

“मनोऱ्यावरून सगळं दिसतं,” तो चमच्याकडे बघत म्हणाला. “तू ते भांडं घेऊन लाल दिव्यात उतरलीस. मी म्हटलं, पोरगं गेलं तर ही बया खानावळ बंद करणार. मग रविवारी मी भांडू कोणाशी? पाद्रीबाबांशी? त्यांना भांडता येत नाही.”

तिनं भांडं त्याच्यापुढे ठेवलं, शाल सोडली, झाकण काढलं. आत दोन होते. अजून वाफ येत होती.

पांक्राझनं आधी भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. यात काहीतरी डाव आहे अशी त्याची नजर. “बारा वाजून गेले,” तो म्हणाला. “मीच वाजवले.”

“यांनी ऐकले नाहीत. शालीत होते.”

“तीस वर्षं शाल नव्हती तुझ्याकडे?”

“तीस वर्षं तू कधी थांबला नव्हतास,” झेन्झी म्हणाली, आणि त्याच्यापुढची खुर्ची ओढून पाय दाबत बसली. “खा आता. निवतील.”

टेबलाखाली झेप्पीनं एकदा भुंकून तक्रार केली. मी त्याच्यापुढे सुपाची वाटी सरकवली. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला पांक्राझचे सगळे रविवार एकदम आठवले.

पांक्राझनं टोक तोडलं, मोहरीत बुडवलं, तोंडाला लावलं. अख्खी खानावळ बघत होती. लोइझलनंसुद्धा बिअरचा मग खाली ठेवला. पहिला संपला, दुसरा अर्धा झाला, आणि पांक्राझनं बाहीनं डोळे पुसले.

“काय झालं रे?” लोइझलनं विचारलं.

“मोहरी,” तो म्हणाला. “झोंबली.”

झेन्झीनं मोहरीची वाटी त्याच्याकडे आणखी थोडी सरकवली.